तिठ्यावर ठेवलेलं

२ ऑक्टोबर, बुधवार

इराचा आवाज अजून नाही. सर्दीचं निमित्त होऊन गेला तो गेलाच. सर्दी कधीच बरी झाली. आज आमच्याच हॉस्पिटलातल्या घशाच्या डॉक्टरने दुसऱ्यांदा नाकातून दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतू गुलाबी, हलतात छान. खोक म्हटलं तर पोरगी खणखणीत खोकली. "आ" म्हण म्हटलं तर नुसता वारा. बाहेर कॉरिडॉरमध्ये तो मला म्हणाला, "यंत्र ठीक आहे. वाजवणारा कुठे तरी गेलाय." जुना मित्र आहे म्हणून ऐकून घेतलं.

७ नोव्हेंबरला केंब्रिजला तिची व्हायव्हा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा. चार वर्षं बटाट्याच्या करप्यावर घालवली. परीक्षा एकदा पुढे ढकलून झालीये, आता बाहेरचा परीक्षक नाही थांबणार. लिहून उत्तरं द्यायची सोय करतो म्हणतात. इराने फोनवर टाइप करून दाखवलं: "लिहायचं नाही बाबा. मला बोलायची आहे." मराठीची चूक आज दुरुस्त केली नाही.

घर फार शांत आहे. हिचा आवाज उंच, पातळ, वरच्या मजल्यावरून हाक मारली तरी बसस्टॉपला ऐकू जायचा. हिची आई, नीलिमा, म्हणायची, पोरीच्या गळ्यात भोंगा बसवलाय. नीलिमा जाऊन पाच वर्षं झाली. पोरीचा आवाज गेला हे तिला सांगावं लागत नाही ते एक बरं.

५ ऑक्टोबर, शनिवार

बागेतली पानं झाडली. कुंपणापलीकडे मॉरीन तेच करत होती. सत्तरी उलटली तरी बाई माझ्यापेक्षा दुप्पट झाडते. टॅक्स ऑफिसातून रिटायर झालेली आणि विक्का पंथाची. इथे राहायला आलो तेव्हा मी घाबरून नीलिमाला सांगितलं होतं की शेजारी चेटकीण आहे. नीलिमा शंकरपाळ्यांचा डबा घेऊन तिच्या दारात उभी राहिली. तेव्हापासून आमचं बरं आहे. दर पौर्णिमेला तिच्या बागेत चारपाच बायका जमतात, जॅमच्या बाटल्यांत मेणबत्त्या लावतात, नंतर केक खातात. यात भिण्यासारखं काही असलंच तर तो केक.

झाडताना ती गुणगुणत असते. एकच तुकडा, वर चढत जातो आणि मध्येच तुटतो. एवढ्या वर्षांत पुढचं कधी ऐकलं नाही. आवाज खालचा, खरखरीत. बोलताना शेवटचं अक्षर गिळते.

इराची चौकशी केली. मी गमतीत म्हणालो, तुझ्याकडे काही मंत्रबिंत्र असेल तर बघ.

तिने झाडू थांबवला. "इराने सांगितलं तर."

"तिला कशाला विचारायचं? चांगल्यासाठीच ना."

"चांगल्यासाठी असलं तरी. विचारल्याशिवाय आम्ही कुणावर काही करत नाही."

मग नियम सांगितले. कुणाला इजा होत नसेल तर मनाला येईल ते कर. आणि जे सोडशील ते तिपटीने परत येतं. मी म्हटलं, एवढंच? आमच्याकडे साध्या उपासाला याच्या दसपट नियम. म्हणाली, एवढे पाळून बघ. तिप्पट वगैरे सगळेच मानत नाहीत म्हणे त्यांच्यात. हिशेब म्हणून नाही, सोडण्याआधी हात थांबावा म्हणून ती मानते.

९ ऑक्टोबर, बुधवार

अक्काचा फोन. वेम्बलीहून पार्सल पाठवलंय: ईलिंग रोडवरच्या सुक्या मिरच्या, मोहरी, खडेमीठ, कुंकू. माझी थोरली बहीण, चाळीस वर्षं या देशात काढली, पण बारशापासून बाराव्यापर्यंत तिचा सल्ला तयार.

"तुम्हा डॉक्टर लोकांना कळायचं नाही. पोरीला दृष्ट लागलीय. प्रबंधाचा फोटो ग्रुपवर तूच टाकलास ना?"

टाकला होता. इराच्या हातात जाडजूड प्रबंध, मागे कॉलेजची हिरवळ. सगळ्या नातेवाइकांचे अंगठे आले. ते बघून मी दोन दिवस फुगून फिरत होतो.

अक्काला म्हटलं, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. ती म्हणाली, "तुझा विश्वास कोण मागतंय? मिरच्या घे आणि उतरव." पार्सल परत पाठवणार नाही. स्वयंपाकाला होतील.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

स्वयंपाकाला झाल्या नाहीत.

दुपारी इरा सोफ्यावर झोपली होती. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेतल्या आणि डोक्यापासून पायापर्यंत उतरवल्या. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची. आई म्हणायची तेवढं सगळं आठवलं, याचंच नवल वाटलं. तिला उठवून विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. मला तर उजेडात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

घरात जाळायची सोय नाही, धुराचा अलार्म फोडणीलाही गल्ली गोळा करतो. बागेत बार्बेक्यूचे कोळसे पेटवले आणि मूठ त्यावर टाकली.

ठसका आला नाही. मिरच्या काळ्या झाल्या, मोहरी तडतडली, धूर झाला. वास नाही. मी धुरावर चेहरा धरला, ओढून श्वास घेतला. काही नाही. साध्या गरम हवेसारखं. कुंपणावर मॉरीनचं मांजर बसलं होतं. ते माझ्याकडे नव्हे, धुराकडे बघत होतं, आणि मग उठून गेलं.

घरात येऊन त्याच मिरच्यांतली एक तव्यावर टाकली. अलार्म वाजला, इरा खोकत उठली. म्हणजे मिरचीत दोष नाही. लिहिताना हसू येतंय, तेव्हा आलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

अक्काला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि अक्का बोलत नाही ही गोष्ट मी या जन्मात पहिल्यांदा ऐकली.

मग म्हणाली, "ठसका नाही म्हणजे जबर आहे. जाळून भागणार नाही. दहीभाताचा उतारा कर. त्यावर कुंकू भरलेलं अर्धं लिंबू. तिच्यावरून उतरव आणि तिन्हीसांजेला तिठ्यावर ठेव. ठेवलास की मागे वळून बघू नकोस. पाय धुऊन घरात."

"आणि मग ते जातं कुठे?"

"जो ओलांडेल त्याच्याकडे. तुला काय करायचंय?"

१७ ऑक्टोबर, गुरुवार, कोजागिरी

मसाला दूध आटवलं, इरा आणि मी वरच्या खिडकीत बसून प्यालो. तिने दूध छान झालंय असं अंगठ्याने सांगितलं. संध्याकाळीच चंद्र वर आला होता. पलीकडे मॉरीनच्या बागेत बायका गोल उभ्या होत्या. सुरू करण्याआधी प्रत्येकीने शेजारणीला काही तरी विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. घाई नाही. एक बाई बराच वेळ गप्प राहिली, तर सगळ्या थांबल्या. शेवटी तिने मान डोलावली नाही, नुसती बाजूला जाऊन खुर्चीवर बसली. कुणी तिला काही म्हटलं नाही. बाकीच्यांनी तिच्याशिवाय गोल पुरा केला.

इ.ने टाइप केलं: "काय विचारतात?" मी खांदे उडवले. खरं तर ओळखीचं वाटलं. मी भूल देणारा डॉक्टर, रोज सकाळी हेच करतो. खाटेशी बसून विचारतो, आता झोपवणार आहे, चालेल ना? आणि नाही म्हटलं तर थांबतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

केलं.

इ. आंघोळीहून आली, केस वाळवत पाठमोरी बसली होती. दहीभाताची कागदी प्लेट मागून उतरवली. ड्रायरच्या आवाजात तिला पत्ता लागला नाही. बाहेर पडलो तेव्हा उजेड विझत आला होता. ट्रामच्या शेवटच्या स्टॉपपलीकडे चर्चकडून येणारी गल्ली बसच्या रस्त्याला मिळते, तोच आमचा तिठा. पाटीच्या खांबाशी प्लेट ठेवली आणि वळलो.

मागून पावलं वाजली. माझ्याच वेगाने येत होती, तिठ्यापाशी थांबली. मी मागे बघितलं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा कन्सल्टंट, मान ताठ करून घरी आला आणि नळाखाली पाय धुतले. पाणी बर्फ होतं.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी जिन्यातून: "बाबा, दूध संपलंय."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ती जिन्यातच उभी होती, स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून. मग परत म्हणाली, दूध संपलंय. मग आम्ही दोघंही रडलो. रडण्यातही तिचा आवाज होता, तो ऐकून मी आणखी रडलो. दुधाशिवाय चहा प्यालो.

आवाज बसका आहे. इतके दिवस वापरला नाही, येईल हळूहळू.

अक्काला कळवलं. "सांगितलं नव्हतं?" एवढंच.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कामावरून येताना मुद्दाम तिठ्यावरून आलो. काही नाही. भाताचं शीतसुद्धा नाही. कोल्ह्याने नेलं असणार. पण कोल्हा प्लेट नेत नाही.

शाळा सुटली होती. पोरं खांबाला वळसे घालत घरी चालली होती. शनिवारी हा विचार आला नव्हता.

मॉ. दिसली नाही. बागेत पानं तशीच पडलीयेत.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मॉ. कुंपणाशी आली. मी हाक मारली तर हसली आणि गळ्याकडे बोट दाखवलं. बियांच्या रिकाम्या पाकिटावर पेन्सिलीने लिहून दिलं: "आवाज गेलाय. इरा कशी आहे?"

मी म्हटलं, छान आहे, बोलते. तिने दोन्ही हात जोडून छातीशी धरले. खरोखर आनंद झाला होता तिला.

मी म्हटलं, सर्दी असेल. तिने मान हलवली. सर्दी नाही. मग खोकून दाखवलं. खणखणीत.

घरात येऊन बराच वेळ सिंकपाशी उभा राहिलो. आमच्या घशाच्या डॉक्टरकडे तिची वेळ घेऊन दिली. काय सांगणार आहे ते मला आत्ताच माहीत आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दुर्बीण झाली. यंत्र ठीक आहे.

मुगाचं कढण घेऊन तिच्याकडे गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचा देव्हारा आहे, म्हणजे एक फळी, त्यावर शिंग, शिंपला, पाण्याची वाटी. पाण्यात अर्धं लिंबू. कुंकू पाण्यात उतरून सगळं लाल झालं होतं.

मी बसलो. तिने पॅड ओढलं. तिचं इंग्रजी होतं, मी माझ्या भाषेत लिहितोय.

"तूच ठेवलं होतंस ना? मी मागून येत होते. हाक मारणार होते, पण तू वळत नव्हतास, म्हणजे वळायचं नसेल."

"का उचललंस?"

"कुणासाठी होतं?"

"कुणासाठी नाही. जो ओलांडेल त्याच्यासाठी."

तिने पेन्सिल खाली ठेवली. थोड्या वेळाने उचलली. "म्हणजे कुणासाठीही. सकाळी तिथून मुलं जातात. काय आहे ते मला नीट कळलं नाही, पण कुणी तरी कुणाच्या तरी अंगावरून काढून ठेवलंय एवढं कळलं. तिथे सोडून जाववलं नाही. भात झाडाखाली पुरला, हे पाण्यात ठेवलं. मी समजून घेतलंय. मला कुणी फसवलेलं नाही."

मी म्हटलं, हा सगळा योगायोग आहे. तिने "असेल" असं लिहिलं आणि कढण प्यायला लागली. ओठांची हालचाल गुणगुणल्यासारखी, आवाज काही नाही.

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

लिस्टवर पहिला पेशंट, म्हातारे गृहस्थ, हर्नियाचं ऑपरेशन. नेहमीसारखं समजावलं, धोके सांगितले, विचारलं. ते म्हणाले, "नाही म्हटलं तर?" मी म्हटलं, तर आत्ताच्या आत्ता घरी जाल. ते हसले आणि हो म्हणाले.

मी हसलो नाही. झोपलेल्या पोरीवरून मूठ फिरवताना आणि रस्त्यावर प्लेट ठेवताना मी हाच माणूस होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढे लिहीत नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीच्या फराळाचं विचारायला अक्काचा फोन. मी पोहे परतत होतो, इ.ने उचलला. स्पीकरवर.

"हॅलो अक्काआत्या."

"इराला दे ना जरा."

"मीच बोलतेय."

अक्का थांबली. "कोण बोलतंय? तुझ्या घरात ही म्हातारी कोण आहे रे?"

इ. हसली, घसा बसलाय म्हणाली. अक्काने मला एकट्याला फोन घ्यायला लावला. "ही आपली पोर नाही. पाळण्यात होती तेव्हापासूनचा आवाज ओळखते मी."

मी म्हटलं, स्पीच थेरपिस्ट म्हणते, आवाज बरेच दिवस बंद असला की खाली उतरतो. खरंच म्हणते तसं. पण दहा दिवस मी हा आवाज ऐकतोय आणि दहा दिवस मी नीट ऐकायचं टाळतोय. खालचा, खरखरीत. शेवटचं अक्षर गिळणारा.

पोहे करपले. इ. वर जाऊन कपड्यांच्या घड्या घालत होती. गुणगुणत होती. चढत जाणारा तुकडा, मध्येच तुटला.

जिन्यातून विचारलं, कुठली चाल गं ही?

"माहीत नाही. डोक्यात बसलीये."

३१ ऑक्टोबर, गुरुवार

पहाटे अभ्यंगस्नान, उटणं, सगळं रीतसर. संध्याकाळी मॉ.च्या दारात भोपळ्यात दिवा, आमच्या दारात पणत्या. त्यांच्या पंथात आज वर्षाचा शेवट असतो, गेलेल्यांसाठी एक पान वाढतात.

फराळ करताना इ.ला सगळं सांगितलं. सोफा, मिरच्या, प्लेट, तिठा, मॉ., अक्काचा फोन. मला वाटलं हसेल. चकली हातात धरून ऐकत राहिली.

"तू मला विचारला नाहीस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. मग नाही असला असता." मॉरीनच्या आवाजात, माझ्या मुलीच्या मोडक्या मराठीत. "हे खरं आहे का खोटं, मला माहीत नाही बाबा. मी बटाट्यांवर काम करते. पण ठेवला ना तू ते. रस्त्यावर. कोणीतरी घेऊ दे, माझी मुलगी सुटू दे. करपा पण असाच जातो, एका शेतातून दुसऱ्या शेतात. आपला बटाटा वाचला म्हणून कोण खूश होतं?"

मी म्हटलं, आई असती तर तिनेही केलं असतं.

"आई विचारली असती."

हे मात्र खरं आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार

तिघं मॉ.च्या स्वयंपाकघरात. इ. बोलली, तेव्हा मॉ.ने डोळे मिटून घेतले. स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसं वाटतं, कुणी विचारलं नाही.

इ. म्हणाली, मला हा परत द्यायचाय. या आवाजात मला व्हायव्हा देता येणार नाही. मुकी गेले तरी चालेल.

मॉ.ने लिहिलं: "नको. इथे ते थांबलंय. परत काढलं तर कुठे तरी जाणारच, आणि कुणाला तरी लागणारच. मी म्हातारी, एकटी, मला आता कुणाशी फार बोलायचं नसतं. माझा नियम मोडत नाही यात. कुणाला इजा नाही."

मी म्हणालो, "कुणाला म्हणजे? त्यात तू येतेस की नाही?"

तिने वाटीतल्या लिंबाकडे बघितलं.

"मॉरीन, नियम तुझाच आहे. कुणालाही इजा न होता. तू कुणीच नाहीस का?"

तिने पेन्सिल हातात घेतली. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलंही नाही. मी पहिल्यांदाच तिला म्हातारी पाहिली. मग लिहिलं: "हे मीच नव्या पोरींना शिकवते."

मी म्हटलं, मला घेऊ दे. माझं काय, मी लोकांना झोपवतो, झोपलेल्यांशी बोलावं लागत नाही. माझ्या परीने विनोद केला होता. इ. म्हणाली, मग तुला इजा, म्हणजे परत तेच. पाचर बसली. लिंबू पाण्यात अजून ताजं आहे, दोन आठवडे झाले तरी.

निघताना इ. म्हणाली, "वाटून घेतला तर?"

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

अक्काकडून फोनवर ओवाळून घेतलं आणि आम्ही तिघं ते वाटून घेणार असं तिला सांगितलं. "असं कुठे करतात का? एकदा उतरलेलं परत अंगावर घेत नाहीत." मी म्हटलं, आजवर कुणी विचारून उतरवलं तरी होतं का? ती म्हणाली, "चूक माझीच रे. मी सांगितलं तुला." नाही म्हटलं, हात माझे होते. शेवटी म्हणाली, "मी देव पाण्यात ठेवते." पलीकडे खरोखर नळ सोडल्याचा आवाज आला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळ. आज यांची शेकोटीची रात्र, उजेड जायच्या आत सगळीकडे फटाके सुरू झाले. मॉ.च्या बागेत, तिच्या पद्धतीने आणि आमच्या सामानाने.

आधी विचारणं. मॉ.ला बोलता येत नव्हतं म्हणून तिने पुठ्ठ्यावर प्रश्न लिहिला होता, तो एकेकासमोर धरला. तू हे समजून आणि स्वतःच्या इच्छेने घेणार का? इ. म्हणाली, हो. मग पुठ्ठा माझ्यापुढे. हा प्रश्न आयुष्यभर मी खाटेच्या उभ्या बाजूने विचारत आलो. आडव्या बाजूने कसा दिसतो ते आज कळलं. खरोखर नाही म्हणता येतं. ते म्हणता येत होतं म्हणून मी हो म्हटलं. मग पुठ्ठा मी घेतला आणि मॉ.समोर धरला. तिने बराच वेळ घेतला. आम्ही थांबलो. पलीकडे रॉकेटं फुटत होती. मग तिने मान डोलावली.

लिंबाच्या तीन फोडी केल्या. मीठ लावून खाल्ल्या. आंबट नव्हत्या, कसल्याच नव्हत्या. सालीसकट, बीसकट. पाणी तिघंही प्यालो. उरलेल्या मिरच्या आणि मोहरी लोखंडी कढईत टाकल्या.

ठसका आला. असा की तिघंही कुंपणाला धरून खोकत होतो, नाकाडोळ्यांतून धारा. मांजर पळालं. पलीकडच्या घरातल्याने खिडकी उघडून विचारलं की सगळं ठीक आहे ना. इ. आणि मॉ. खोकता खोकता हसत होत्या आणि मीही.

मॉ.ची एकच अट. सूर्य वर येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. इ. तिच्याकडेच झोपणार, मीही खाली सोफ्यावर. आता थांबतो.

६ नोव्हेंबर, बुधवार

मॉ.च्या टेबलावर बसून लिहितोय. ऊन खिडकीतल्या फळीपर्यंत आलंय, म्हणजे बोलायला हरकत नाही. अजून कुणी बोललेलं नाही.

इ.ची बॅग दाराशी आहे, दुपारची ट्रेन. उद्या व्हायव्हा. ती प्रबंध उघडून बसलीय, पान उलटत नाही. एक हात गळ्यावर. मॉ.ने किटली ठेवली, चहा ओतला, माझ्याकडे बघून साखरेचं भांडं उचललं. मी दोन बोटं दाखवली. तोंडाने सांगता आलं असतं. धीर झाला नाही. एकटा मीच घाबरलेला नाही, दोघीही तशाच बसल्यात. जो पहिला तोंड उघडेल त्याला आपल्या वाट्याला काय आलं ते कळेल, आणि बाकीच्यांनाही.

अक्काचा फोन टेबलावर थरथरून बंद झाला. पुन्हा सुरू झाला आहे.

मघापासून गुणगुण ऐकू येतेय. तोच तुकडा, वर चढत जाणारा. मला वाटलं इ. करतेय, म्हणून वर बघितलं. ती मॉ.कडे बघत होती आणि मॉ. माझ्याकडे. तिघांचेही ओठ मिटलेले. मी गळ्याला हात लावून पाहिला, सूर माझ्याही गळ्यात होता.

नेहमीच्या जागी आला, तिथे तो तुटला नाही. पुढे चालू आहे.